एका जोडणीवर दोन संगणक

भिवंडी म्हटले की यंत्रमागांची खडखड आठवते. यंत्रमागाच्या कारखान्यात तुम्ही कधी गेला असाल, तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. रस्त्यावरून येणारी वीज एका मीटरमधून आत येते आणि तेथून ती बारा, चोवीस किंवा त्याहून अधिक मागांना वाटली जाते. आणखी एक माग बसवायचा झाला तर आणखी एक तार ओढली की काम झाले. मीटरची क्षमता पुरेशी असली म्हणजे पुरे.

आता समजा, याच गावातील एका घरात टेबलावर एक संगणक आहे आणि बाहेरून आलेली इंटरनेटची तार त्याला जोडलेली आहे. थोरली बहीण महाविद्यालयात जाऊ लागली म्हणून घरात एक लॅपटॉप आला. दहावीतील धाकट्या भावाला टेबलावरच्या संगणकावर गणिताचा पाठ पाहायचा आहे आणि त्याच वेळी बहिणीला प्रवेशाचा अर्ज भरायचा आहे. अर्जाची मुदत आज रात्री संपते. जोडणी मात्र एकच. मग विजेप्रमाणेच इंटरनेटची तार मध्ये कापून तिला दुसरी तार जोडली, तर दोन्ही यंत्रे चालतील का?

नाही चालणार. पण का चालणार नाहीत, आणि तरीही घरोघरी एका जोडणीवर चार-चार यंत्रे कशी चालतात, हे समजून घेण्यासारखे आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा हा प्रश्न असंख्य घरांत एकदम उभा राहिला होता. त्याचे उत्तर एकदा नीट समजले की इंटरनेटचे निम्मे गूढ उकलते.

वीज कोणालाही चालते, माहिती ज्याची त्यालाच

विजेच्या बाबतीत एक सोय असते. तारेतून आलेली वीज पहिल्या मागाला मिळाली काय आणि दुसऱ्याला मिळाली काय, फरक पडत नाही. दोन्ही मागांना सारखीच वीज हवी असते. नळाच्या पाण्याचेही तसेच. म्हणून तारेला किंवा नळाला फाटा फोडला की वाटणी आपोआप होते.

माहितीचे तसे नाही. भावाने मागितलेला गणिताचा पाठ भावाच्याच संगणकावर यायला हवा आणि बहिणीचा अर्ज तिच्याच लॅपटॉपवर. पूर्वी घरात एकाच दूरध्वनी-तारेवर दोन यंत्रे बसवीत असत. एकावर बोलणे चालू असताना दुसऱ्याचा रिसीव्हर उचलला की तेच बोलणे तेथेही ऐकू येई. साधा फाटा फोडला की असेच होते. दोघांना एकच गोष्ट ऐकू येते आणि दोघे एकदम बोलू लागले तर गोंधळ होतो. तेव्हा आपल्याला केवळ तार वाटून घ्यायची नसून प्रत्येक माहिती योग्य यंत्रापर्यंत पोहोचवायची आहे. हे काम पोस्टमनचे आहे, वायरमनचे नव्हे.

माहितीची पाकिटे

इंटरनेटवरून एखादे छायाचित्र येते तेव्हा ते अखंड येत नाही. त्याचे लहान लहान तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र पाकिटात घालून पाठवला जातो. एका पाकिटात साधारणपणे जास्तीत जास्त १,५०० बाइट मावतात. त्यांतील सुमारे ४० बाइट पत्ता वगैरे लिहिण्यात जातात, म्हणजे मजकुरासाठी उरतात १,४६०. समजा, छायाचित्र १५,००,००० बाइटचे आहे. भागाकार करून पाहा : त्याची हजाराहून अधिक पाकिटे होतील.

माहिती अशी तुकड्या-तुकड्यांनी पाठवण्याची कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन यांना आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना एकमेकांपासून स्वतंत्रपणे सुचली. या तुकड्यांना 'पॅकेट' हे नाव डेव्हिस यांनी दिले. पुढे १९७४ साली व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी निरनिराळ्या जाळ्यांतील यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे नियम मांडले. त्यांचे सुधारलेले रूप १ जानेवारी १९८३ पासून 'आर्पानेट' या अमेरिकी जाळ्यावर लागू झाले. आजचे इंटरनेट त्याच पायावर उभे आहे.

प्रत्येक पाकिटावर दोन पत्ते असतात : पाकीट कोणाकडे जायचे आहे त्याचा आणि कोणाकडून आले त्याचा. दुसरा पत्ता फार महत्त्वाचा आहे. तुम्ही एखादे पान मागता तेव्हा दूरचा संगणक तुमच्या पाकिटावरील पाठवणाराचा पत्ता पाहूनच उत्तर पाठवतो. हा पत्ता चुकीचा असेल तर तुमची मागणी पोहोचेल, पण उत्तर तुमच्यापर्यंत कधीच येणार नाही.

पत्ते पुरेनात

हा पत्ता म्हणजे चार संख्यांचा एक गट. प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. उदाहरणार्थ, २०३.०.११३.७. संगणकाच्या भाषेत हा ३२ द्विमान अंकांचा पत्ता होय. एका द्विमान अंकाची किंमत ० किंवा १ असू शकते, म्हणून एकूण पत्ते झाले २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. सुमारे ४२९ कोटी.

नियम ठरले तेव्हा ही संख्या अफाट वाटली असेल. पण आज जगाची लोकसंख्याच ८०० कोटींच्या पुढे गेली आहे आणि एकेका घरात दोन-तीन मोबाइल, एखादा लॅपटॉप आणि एखादा दूरदर्शन संच इंटरनेटला जोडलेला असतो. जगभरच्या पत्त्यांचे वाटप पाहणाऱ्या मध्यवर्ती व्यवस्थेकडील शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. त्यानंतर त्या कोठारात नवा गट उरला नाही.

म्हणूनच जोडणी देणारी कंपनी एका घराला सहसा फार तर एकच पत्ता देते. भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली, तेव्हा तर टेलिफोनवरून क्रमांक फिरवून जोडणी मिळे. एक क्रमांक, एक संगणक, एक पत्ता. आपल्या उदाहरणातील घरातही तसेच आहे. पत्ता एक आणि यंत्रे दोन.

गोदामाचा कारकून

आता भिवंडीतच थोडे फिरून येऊ. शहराच्या आसपास माणकोली, काल्हेर, राहनाळ, पूर्णा या गावांत गोदामांच्या मोठमोठ्या वसाहती आहेत. एकेका कंपाउंडमध्ये अनेक गाळे असतात. समजा, अशा एका कंपाउंडच्या फाटकाशी एक कारकून बसतो आणि तेथे नियम असा आहे की, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर फक्त कंपाउंडचा पत्ता लिहायचा, गाळ्याचा नाही.

सातव्या गाळ्यातून सुरतेच्या व्यापाऱ्याला एक पत्र निघाले. कारकून त्यावर कंपाउंडचा पत्ता घालतो, बाजूला '६२००१' असा जावक क्रमांक टाकतो आणि आपल्या वहीत लिहितो : 'क्रमांक ६२००१, गाळा सात, सुरतेचा व्यापारी.' थोड्या वेळाने नवव्या गाळ्यातूनही त्याच व्यापाऱ्याला पत्र निघते. त्यावर तो '६२००२' हा क्रमांक टाकतो. व्यापारी उत्तर पाठवताना तोच क्रमांक नमूद करतो. उत्तर फाटकाशी आले की कारकून वही उघडतो, क्रमांक पाहतो आणि पत्र योग्य गाळ्यात धाडतो. व्यापाऱ्याला कंपाउंडमध्ये किती गाळे आहेत याचा पत्ताही नसतो.

आपल्या घरात टेबलावरचा संगणक हाच कारकून बनतो. त्याला दोन दारे लागतात. एक बाहेरच्या तारेचे, दुसरे लॅपटॉपकडे जाणारे. हे दुसरे दार तारेचे असेल किंवा बिनतारी असेल.

घरातले पत्ते

गाळ्यांना क्रमांक देताना दुसऱ्या कंपाउंडमध्येही 'गाळा सात' आहे का, हे कोणी विचारत नाही. कंपाउंडच्या आत तो क्रमांक एकदाच असला की झाले. घरातील यंत्रांच्या पत्त्यांचेही तसेच आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियमपत्रात खाजगी वापरासाठी पत्त्यांचे तीन गट राखून ठेवलेले आहेत :

१० ने सुरू होणारे सर्व पत्ते : १,६७,७७,२१६.
१७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे : १०,४८,५७६.
१९२.१६८ ने सुरू होणारे : ६५,५३६.

हे पत्ते घराबाहेर चालत नाहीत. पण घराच्या आत ते कोणीही, कोणालाही न विचारता वापरू शकतो. आज तुमच्या घरातील मोबाइलचा जो पत्ता आहे, तोच पत्ता नाशकातील एखाद्या घरातील मोबाइललाही असण्याचा बराच संभव आहे. दोघांची कधी गाठच पडत नाही, म्हणून घोटाळा होत नाही.

वहीतील एक नोंद

आता प्रत्यक्ष एक पाकीट कसे जाते ते पाहू. टेबलावरच्या संगणकाचा बाहेरचा पत्ता २०३.०.११३.७ आहे असे समजा. (हा पत्ता केवळ उदाहरणांसाठी राखलेल्या गटातील आहे.) त्याचा आतला पत्ता १९२.१६८.१३७.१ आहे आणि लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१३७.२५.

पत्त्याबरोबर प्रत्येक पाकिटावर एक 'पोर्ट क्रमांक'ही असतो. तो ० ते ६५,५३५ यांपैकी कोणताही असतो. एकाच यंत्रावर अनेक कामे चालू असतात, त्यांतील कोणत्या कामाचे हे पाकीट, ते या क्रमांकावरून कळते. कारकुनाचा जावक क्रमांक म्हणून याच क्रमांकाचा उपयोग होतो.

पहिली पायरी : लॅपटॉप पाकीट पाठवतो. पाठवणारा १९२.१६८.१३७.२५, पोर्ट ५१०००.

दुसरी पायरी : टेबलावरचा संगणक ते पाठवणाराचे नाव खोडतो. त्याऐवजी लिहितो २०३.०.११३.७, पोर्ट ६२००१. आणि आपल्या वहीत नोंद करतो : '६२००१ म्हणजे लॅपटॉपचा ५१०००.'

तिसरी पायरी : दूरचा संगणक उत्तर पाठवतो. घेणारा २०३.०.११३.७, पोर्ट ६२००१.

चौथी पायरी : टेबलावरचा संगणक वही पाहतो, घेणाराचा पत्ता बदलून पुन्हा १९२.१६८.१३७.२५, पोर्ट ५१००० असा करतो आणि पाकीट लॅपटॉपकडे सोडतो.

येथे कोणी विचारील, पोर्ट क्रमांक बदलायची गरजच काय? समजा, भावाच्या संगणकानेही योगायोगाने ५१००० हाच क्रमांक वापरला. मग दोघांची उत्तरे एकाच पत्त्यावर, एकाच क्रमांकाने येतील आणि कोणाचे कोणते हे ठरवता येणार नाही. क्रमांक बदलला की ही अडचण राहत नाही.

पत्ता बदलण्याची ही युक्ती केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी मे १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात मांडली. पत्ते संपत चालले आहेत, तोवर तात्पुरती सोय म्हणून हे करावे, असा त्यामागचा विचार होता. १९९९ साली आलेल्या 'विंडोज ९८'च्या दुसऱ्या आवृत्तीत घरच्या संगणकालाच कारकून बनवण्याची सोय तयार मिळू लागली आणि ही युक्ती सामान्य घरांत पोहोचली.

करून पाहा

हा प्रयोग घरी करण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना विचारा. शाळेत करायचा असेल तर शिक्षकांच्या देखरेखीखाली करा.

साहित्य : इंटरनेट जोडलेला संगणक, त्याला आणखी एक जाळ्याचे खाच-छिद्र किंवा वायफायची सोय, एक लॅपटॉप, आणि तारेने जोडायचे असल्यास आठ धाग्यांची जाळ्याची केबल. ही केबल १०० मीटरपर्यंत लांब चालते, म्हणजे माडीवरच्या खोलीतही सहज पोहोचेल.

कृती : १) केबलने संगणक आणि लॅपटॉप जोडा. पूर्वी दोन संगणक थेट जोडण्यासाठी आतील धागे उलटसुलट केलेली वेगळी केबल लागे. अलीकडची यंत्रे ही अदलाबदल स्वतःच ओळखतात, त्यामुळे साधी केबल चालते.

२) विंडोज असलेल्या संगणकावर 'कंट्रोल पॅनेल'मधून जाळ्याच्या जोडण्यांची यादी उघडा. तेथे दोन जोडण्या दिसतील. त्यांतील बाहेरच्या इंटरनेटची कोणती, ते नीट ओळखा. चूक बहुधा येथेच होते.

३) त्या बाहेरच्या जोडणीवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा, 'शेअरिंग' या भागात जा आणि इतरांना या संगणकामार्फत जोडू देण्याच्या चौकटीत खूण करा. दोनपेक्षा जास्त जोडण्या असतील तर आतली कोणती, तेही निवडा.

४) लॅपटॉपवर पत्ता 'आपोआप मिळवा' असा पर्याय ठेवा. थोड्याच वेळात टेबलावरचा संगणक त्याला घरातला एक पत्ता देईल. होय, गाळ्यांचे क्रमांक वाटण्याचे कामही हाच कारकून करतो.

५) लॅपटॉपवर आज्ञा-पटल उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकित करा. अलीकडच्या विंडोजवर पत्ता १९२.१६८.१३७ ने सुरू होताना दिसेल आणि 'गेटवे' म्हणून १९२.१६८.१३७.१ दिसेल. गेटवे म्हणजे आपले फाटक. तेथेच आपला कारकून बसला आहे.

केबल नसेल तर विंडोज १० किंवा ११ च्या 'सेटिंग्ज'मधील 'मोबाइल हॉटस्पॉट' सुरू करूनही हेच साधते. आठपर्यंत यंत्रे त्याला जोडता येतात. तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉटही हेच काम करतो. तेथे कारकून मोबाइल असतो, एवढाच फरक.

आता एक गंमत पाहा. टेबलावरच्या संगणकावरही तीच आज्ञा द्या. पुष्कळ घरांत त्याचा बाहेरचा पत्तादेखील १९२.१६८ ने सुरू होताना दिसेल. याचा अर्थ असा की, कंपनीने भिंतीवर बसवलेली पेटी ही स्वतःच एक कारकून आहे. तुमचा संगणक तिच्यामागचा दुसरा कारकून झाला. पाकिटावरचा पत्ता दोनदा बदलला जातो, तरी काम चालते. मात्र अशा वेळी लॅपटॉप थेट त्या पेटीलाच जोडणे अधिक सोपे. पेटीला मोकळे छिद्र किंवा वायफाय आहे का, हे आधी पाहून घ्यावे.

वेगाची वाटणी आणि विजेचे बिल

दोघे एकदम वापरू लागले तर वेग निम्मा होईल का? हिशेब करून पाहू. जोडणीचा वेग सेकंदाला ४० मेगाबिट आहे असे समजा. १०० मेगाबाइटचा पाठ उतरवायचा आहे. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे ८०० मेगाबिट. एकट्याने उतरवला तर ८०० भागिले ४०, म्हणजे २० सेकंद. दोघांनी एकदम तेवढाच पाठ उतरवला तर दोघांनाही सुमारे ४० सेकंद लागतील. परंतु बहीण अर्जातील रकाने भरत विचार करीत बसली असेल, तेव्हा तिची पाकिटे जवळजवळ नसतातच. त्या वेळी सारा वेग भावाला मिळतो. पाकिटे आळीपाळीने जातात, कोणासाठी जागा अडवून ठेवलेली नसते.

कारकुनाच्या वहीमुळे होणारा उशीर तर नगण्य असतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. भिवंडी ते मुंबई हे अंतर ४० किलोमीटर धरले, तर त्याला लागतो एका सेकंदाचा पाच हजारावा भाग. वहीतील नोंद शोधायला संगणकाला याहूनही कमी वेळ पुरतो.

खरी अडचण निराळीच आहे. कारकून जागेवर नसेल तर फाटक बंद! टेबलावरचा संगणक बंद केला किंवा तो झोपेच्या स्थितीत गेला, की लॅपटॉपचे इंटरनेट गेले. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील, पण जोडणी तुटेल आणि अर्ज अर्धाच राहील. शिवाय वीजही लागते. संगणकाला १०० वॅट आणि कारकुनाचेच काम करणाऱ्या छोट्या राऊटरला १० वॅट लागतात असे धरा. दहा तासांत संगणक १,००० वॅट-तास, म्हणजे पूर्ण एक युनिट खातो. राऊटर खातो त्याचा दहावा भाग. म्हणून कायमच्या सोयीसाठी राऊटर बरा. तो छोट्या बॅटरीवरही चालवता येतो. संगणकामार्फत वाटणी ही अडीअडचणीची सोय समजावी. पण अडचण आजची असते आणि मुदतही आजच संपत असते, तेव्हा ही सोय मोलाची ठरते.

एक पत्ता, एक जबाबदारी

या युक्तीचे दोन परिणाम ध्यानात ठेवायला हवेत.

पहिला असा. वहीत नोंद नसलेले पत्र फाटकाशी आले तर कारकून ते कोणाला देणार? तो ते टाकून देतो. त्यामुळे बाहेरचा कोणी आपणहून तुमच्या लॅपटॉपपर्यंत सहसा पोहोचू शकत नाही. हे एक प्रकारचे संरक्षणच आहे. पण ते कुलूप नव्हे. तुम्ही स्वतःच एखादी फसवी फाइल मागवली, तर वहीत तिची नोंद असते आणि कारकून ती निमूटपणे आत आणून देतो. पाकिटाच्या आत काय आहे ते तो पाहत नाही.

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. बाहेरच्या जगाला तुमचे सगळे घर एकाच पत्त्याचे दिसते. तुमच्या वायफायचा परवलीचा शब्द शेजाऱ्याला दिला आणि त्याने किंवा त्याच्याकडे आलेल्या कोणी काही गैरकृत्य केले, तर शोध घेणारे प्रथम येतात ते जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे. म्हणून परवलीचा शब्द मोठा ठेवावा, तो भिंतीवर लिहून लावू नये आणि घराबाहेर वाटण्याआधी कंपनीच्या अटी वाचाव्यात. एखाद्या गरजू मित्राला अभ्यासासाठी जोडून घेणे ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्याला आपल्यासमोर बसवून जोडून घ्यावे आणि काम झाले की हॉटस्पॉट बंद करावा.

वही कधी संपेल?

पत्त्यांची टंचाई इतकी वाढली की आता कंपन्याही हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरतात. अनेक घरे मिळून बाहेरचा एकच पत्ता. त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारे पत्ते २०१२ साली राखून ठेवण्यात आले. म्हणजे गाळ्याचा कारकून, त्यावर कंपाउंडचा कारकून आणि त्यावर साऱ्या गावाचा कारकून! मूळ कल्पना अशी होती की जगातील कोणत्याही यंत्राने कोणत्याही यंत्राशी थेट बोलावे. एवढ्या वह्यांच्या मागे बसलेल्या यंत्राला तसे बोलणे कठीण होते.

यावरचा खरा उपाय म्हणजे मोठे पत्ते. १२८ द्विमान अंकांच्या नव्या पत्त्यांचे नियम डिसेंबर १९९५ मध्येच प्रसिद्ध झाले होते. अशा पत्त्यांची संख्या २ चा १२८ वा घात, म्हणजे ३४ वर ३७ शून्ये देऊन जी संख्या होईल, जवळजवळ तेवढी भरते. त्यांचा वापर वाढवण्यात भारत जगातील पुढच्या देशांत गणला जातो. येथील निम्म्याहून अधिक वापरकर्ते हे नवे पत्ते वापरू शकतात. तुमच्या मोबाइलमध्ये अंक आणि इंग्रजी अक्षरे मिसळलेला, विसर्गासारख्या दोन टिंबांनी तोडलेला एखादा लांबलचक पत्ता दिसला, तर तो याच जातीचा. अशा पत्त्यांच्या घरात प्रत्येक यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो आणि वहीची गरज उरत नाही. पण वहीबरोबर मिळणारा आडोसाही जातो, म्हणून फाटकावर वेगळा राखणदार नेमावा लागतो.

जुने आणि नवे पत्ते मात्र अजून बराच काळ शेजारी शेजारी नांदतील. तोपर्यंत १९९४ ची ती तात्पुरती सोय घरोघरी राबतच राहील. पुढच्या वेळी हॉटस्पॉट सुरू कराल, तेव्हा आत एक वही उघडली गेली आहे, हे लक्षात असू द्या.

स्वाध्याय

१) १९२.१६८.१३७.१ हा पत्ता द्विमान पद्धतीत लिहा.
२) आपल्या घरातील दोन यंत्रांचे पत्ते आणि गेटवेचा पत्ता नोंदवा. कोणते अंक सारखे आहेत? ते सारखे का असावेत?
३) घरातील दोन यंत्रांवर 'माझा इंटरनेट पत्ता कोणता' हे दाखवणारे पान उघडा. दोन्हींवर चार संख्यांचा पत्ता एकच दिसतो का? दोन्हींवर दिसणारा तो पत्ता कोणाचा?
४) सेकंदाला ३० मेगाबिट वेगाच्या जोडणीवर तिघांनी एकदम प्रत्येकी ७५ मेगाबाइटचा पाठ उतरवला, तर किती वेळ लागेल?
५) कारकुनाची वही अचानक पुसली गेली, तर चालू असलेल्या कामांचे काय होईल? राऊटर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर काय होते ते पाहून उत्तर लिहा.

उत्तरे : १) ११००००००.१०१०१०००.१०००१००१.०००००००१. ४) ७५ × ८ × ३ = १,८०० मेगाबिट; १,८०० ÷ ३० = ६० सेकंद.